मुक्तस्रोत म्हणजे फुकट नव्हे

मा. संपादक,

नवउद्योगांवरील आपल्या लेखात मुक्तस्रोताबद्दल, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरबद्दल, 'मुक्तस्रोत म्हणजे फुकटचा धंदा' असा सूर होता. तो पटला नाही. इलास्टिकसर्च ही शोधप्रणाली बनवणाऱ्या शाय बॅनन यांचेच पाहा. बायको लंडनला स्वयंपाकशास्त्र शिकायला गेली, तिला पाककृती शोधता याव्यात म्हणून त्यांनी ल्युसीन या मुक्तस्रोत शोध-सॉफ्टवेअरवर खटपट सुरू केली. २०१० मध्ये इलास्टिकसर्च सर्वांसाठी खुले झाले, २०१२ मध्ये कंपनी निघाली. पुढे अ‍ॅमेझॉन तेच सेवा म्हणून विकू लागली. चिडून बॅनन यांच्या कंपनीने २०२१ मध्ये अपाची हा मुक्तस्रोत परवाना सोडला, तर अ‍ॅमेझॉनने ओपनसर्च ही वेगळी शाखा काढली. २०२४ मध्ये एजीपीएल या मुक्तस्रोत परवान्याचा पर्याय देऊन बॅनन मुक्तस्रोताकडे परतले. त्यांची चीड रास्त होती. पण विनामोबदला कोड देणाऱ्यांना कुणी विचारले?

आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची मी याच प्रणालीवर चालवतो. शब्दाचे मूळ ओळखणारा भाग हिंदी आणि बंगालीसाठी तयार मिळतो, मराठीसाठी नाही. 'विहीर' शोधले तर 'विहिरीचा' सापडत नाही! तेव्हा नियम आम्हीच लिहितो. कोड उघडा आहे म्हणून हे जमते. विद्यापीठांच्या संगणक विभागांनी हे काम विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावे.

– एक ग्रंथालय कार्यकर्ता, सांगली