‘इलेक्ट्रॉनचा पाऊस’ सांगलीत पडत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सूर्यावरून पृथ्वीवर इलेक्ट्रॉनचा पाऊस पडणार, अशी बातमी गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर होती. त्या दिवशी आमच्या गल्लीत गच्च्यांवरचे पापड दुपारीच आत गेले. शेजारच्या आजोबांनी विचारलं, ‘‘माझ्या पेसमेकरला काही होईल का रे?’’ मी हौशी रेडिओचालक, घरावर अँटेना. त्यामुळे आभाळातलं काहीही असलं की लोक माझ्याकडेच येतात.

इलेक्ट्रॉनचा वर्षाव होतो, हे खरं आहे. पण बातमीत सांगितलं तसा तो सूर्यावरून थेट येत नाही, आणि इथं तर पडतच नाही. सौरवारा म्हणजे सूर्याकडून सतत येणारा विद्युतभारित कणांचा झोत. त्याची ऊर्जा पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या (पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय कवचाच्या) शेपटीत, म्हणजे रात्रीच्या बाजूला, साठत जाते. सांगलीकरांना हे जास्त समजवावं लागू नये. कोयना भरते, दरवाजे उचलतात, विसर्ग सुटतो आणि आपण आयर्विन पुलाची पातळी विचारत बसतो. शेपटीतही तासभर साठा होतो. मग ताणलेल्या चुंबकीय रेषा तुटून नव्यानं जुळतात आणि अर्ध्याएक तासात बराचसा साठा मोकळा होतो. हे उपवादळ. १९६४ साली शास्त्रज्ञ आकासोफू यांनी ध्रुवीय प्रकाशाच्या निरीक्षणांवरून त्याचे टप्पे मांडले. एका दिवसात अशी अनेक उपवादळं होऊन जातात, कुणाला पत्ताही लागत नाही. मे २०२४ मध्ये लडाखच्या हान्लेहून आकाश लाल दिसलं, ते मोठं भूचुंबकीय वादळ होतं, म्हणजे साऱ्या पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवणारं. आपल्या वार्ताहरानं दोन्ही एकाच पोत्यात भरली.

विसर्गाबरोबर पृथ्वीकडे ढकलले गेलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती अडकून फिरतात. तिथल्या लहरींचा धक्का बसला की त्यातले काही रेषेवरून खाली घसरतात आणि चुंबकीय अक्षांश (पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांच्या हिशेबानं मोजलेला) ६० ते ७५च्या पट्ट्यात वातावरणात शिरतात. सांगलीचा चुंबकीय अक्षांश जेमतेम ९-१०. शिवाय तिथंही ते जमिनीपर्यंत पोचत नाहीत. ३० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन साधारण ९५ किलोमीटर उंचीवर थांबतो, १० लाखांचा साधारण ६० किलोमीटरवर. आजोबांचा पेसमेकर आणि पापड, दोन्ही सुखरूप.

खरी बातमी त्या उंचीवर होती आणि तीच सुटली. हे इलेक्ट्रॉन तिथल्या हवेत नायट्रोजनची ऑक्साइडं तयार करतात. ध्रुवावरच्या लांबलचक हिवाळी रात्रीत ती मोडायला ऊन नसतं, म्हणून ती टिकतात, हळूहळू स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असतो तिथं, उतरतात आणि ओझोन खातात. (ओझोनचं छिद्र वेगळं. त्याला आपण सोडलेले क्लोरिनयुक्त वायू कारणीभूत आहेत. कृपया हेही एका पोत्यात घालू नका.) हवामानाच्या मोठ्या संगणकीय प्रारूपांत आता हा वर्षाव धरला जातो.

आम्हा हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींना तो कानानं कळतो. कॅनडाशी बोलताना आमच्या लहरी ध्रुवाजवळून जातात. ऐन संभाषणात समोरचा आवाज थरथरू लागतो, घोगरा होतो आणि काही मिनिटांत बुडतो. त्याच वेळी सिंगापूर मात्र खणखणीत ऐकू येत असतं. इलेक्ट्रॉननी आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा थर दाट केला की तो रेडिओलहरी शोषतो. अंटार्क्टिकातल्या मैत्री केंद्रावर हेच शोषण रायोमीटरनं, म्हणजे अवकाशातून येणारा रेडिओगोंगाट किती घटला हे टिपणाऱ्या यंत्रानं, मोजलं गेलं आहे.

हे विचारायला लांब जावं लागत नाही. भारतीय भूचुंबकत्व संस्था पनवेलला आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात त्याच उंचीवरचे वारे मोजणारं रडार या संस्थेनं उभारलं. छापण्याआधी एक फोन पुरला असता.

दुरुस्ती छापणार असाल तर तीही पहिल्या पानावरच, ठळक टाइपात छापा. आजोबा आतली पानं वाचत नाहीत, आणि मला त्यांना कात्रण द्यायचं आहे.

आपला,
एक हौशी रेडिओचालक,
विश्रामबाग, सांगली