बोर्डातल्या काकांना, कोल्हापूरहून परत आल्यावर

आदरणीय काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री साडेनऊला गाडी पार्किंगमध्ये लावली, चार्जरची पिन बसवली आणि वर पाहिलं तर तुमच्या खिडकीत दिवा होता. यायचं फार मनात होतं, पण आईला जिना चढवायचा होता आणि तिचे डोळे मिटत होते. म्हणून सकाळी आधी हे लिहायला घेतलं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण दूध घ्यायला खाली गेले तर तिघांनी अडवून विचारलं, "विजेची गाडी एवढ्या लांब नेलीस कशी?" त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे, आणि ते तुमच्या नावावरच जमा व्हायला हवं.

आईला माहेरी, वाईला जाऊन सहा वर्षं झाली होती. पाठीमुळे एसटी तिला सोसत नाही, आणि कोल्हापूरला अंबाबाईची ओटी भरायची तिची इच्छा दर नवरात्रात बोलून दाखवायची आणि पुढच्या वर्षावर जायची. गाडी तर दारात उभी होती. पण ती मी नाशिकहून त्र्यंबकच्या पुढे कधी नेली नव्हती. विचारलं त्या प्रत्येकानं सल्ला दिला. कुणी म्हणालं भाड्याची डिझेल गाडी घे, कुणी म्हणालं काही होत नाही, बिनधास्त जा. दोन्हीनं माझी झोप उडाली. मग तुमची बेल वाजवली.

तुम्ही स्वतः चारचाकी चालवत नाही. पण सारी नोकरी तुम्ही वीज मंडळात, विजेच्या तारांखाली काढलीत. 2005 साली मंडळाच्या कंपन्या झाल्या तरी तुमच्या तोंडी अजून 'बोर्ड'च असतं. सोसायटीच्या सभेत पार्किंगमधल्या प्लगला विरोध झाला तेव्हाही तुम्ही आवाज न चढवता मीटर रूममध्ये सगळ्यांना नेलंत, लोड किती, वायर किती जाडीची, एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारं बटण, कितीचा, हे दाखवलंत आणि माझ्या मीटरवरून स्वतंत्र लाइन ओढून घेतलीत. त्या दिवसापासून विजेचं काही अडलं की माझे पाय तुमच्याकडेच वळतात.

त्या संध्याकाळी तुम्ही एक जुनी लग्नपत्रिका उलटी केलीत, पेन्सिलीला टोक काढलंत आणि विचारलंत, "गाडीत युनिट किती मावतात?" मी टक्के सांगायला लागले. तुम्ही थांबवलंत. "टक्के राहू देत. बिलात येतात ते युनिट सांग." चाळीस, मी म्हणाले. "आणि एका युनिटात किती किलोमीटर जाते?" हे मला सांगता येईना. दोन वर्षं गाडी चालवत होते आणि हा प्रश्न मी तिला कधी विचारलाच नव्हता.

काका, माझ्यासाठी सगळं तिथून बदललं. गाडीच्या माहितीपत्रकावरचा मोठा आकडा तुम्ही बाजूला सारलात. तो प्रयोगशाळेत ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला असतो, त्यात आपला घाट नसतो, मेचं ऊन नसतं, मागे बसलेली माणसं आणि डिकीतलं सामान नसतं. "तुझा आकडा तू काढ," असं म्हणून तुम्ही मला वणीला पाठवलंत. देवीचं दर्शनही होईल आणि नांदुरीचा घाटही कळेल म्हणालात. वही दिलीत. निघताना, नांदुरीला, गडावर, परत नांदुरीला आणि घरी, असे पाच आकडे लिहून आणायचे.

नांदुरी ते गड या साधारण 10 किलोमीटरच्या चढाला 9 टक्के गेले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. वाटलं, कोल्हापूरचं नाव काढायला नको. पण उतरताना एकही टक्का गेला नाही, उलट दोन वाढले. वही तुमच्यापुढे ठेवली तर तुम्ही पत्रिकेच्या कोपऱ्यात गणित मांडलंत: माणसांसकट अठराशे किलोची गाडी शंभर मीटर उंच न्यायची तर जवळपास अर्धा युनिट लागतो. कुठलीही गाडी असो, तेवढं लागणारच. उतरताना मोटर जनित्रासारखी फिरते आणि त्यातलं काही परत बॅटरीत टाकते. पुढे आयुष्यभर मी घाट बघितला की मनात अर्धा युनिट मोजणार आहे.

वेगाचा आकडाही तसाच निघाला. सिन्नरच्या रस्त्यावर ताशी 80 नं गेले तर एका युनिटात 7 किलोमीटर, 100 नं गेले तर साडेपाच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, हे शाळेत शिकले होते. ते पैशासारखं खिशातून जातं, हे त्या दिवशी दिसलं. घाट आणि एसी धरून आपण सरासरी साडेसहा धरली. तुम्ही पत्रिकेवर सरळ रेघ ओढलीत: नाशिक, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण, शिरवळ, वाई. साधारण 300 किलोमीटर, म्हणजे 46 युनिट. गाडीत 40. वाटेत एकदा थांबावंच लागणार. मग कुठे थांबायचं, हा प्रश्न भीतीचा राहिला नाही, वजाबाकीचा झाला.

विचारणाऱ्यांसाठी पुढचे नियम मी तुमच्याच शब्दांत लिहिते. पहिल्या टप्प्याला घरून पूर्ण भरून निघायचं, पुढे मात्र 80 टक्क्यांच्या वर फास्ट चार्जरला अडून बसायचं नाही, कारण तिथून बॅटरी स्वतःच हात आखडते आणि शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या साठाएवढा वेळ खाते. कुठल्याही चार्जरवर वीसच्या खाली पोचायचं नाही. आणि ज्या चार्जरवर भिस्त आहे त्याच्या पुढे, गाडी पोचू शकेल एवढ्या अंतरावर, दुसरा हेरून ठेवायचा. "सबस्टेशनला आम्ही जमेल तिथं एकाच फीडरवर, एकाच वीजवाहिनीवर, भिस्त ठेवत नाही," तुम्ही म्हणालात.

आणि फोन. अ‍ॅपवर हिरवा ठिपका दिसला म्हणजे मशीन चालू आहे असं नाही, हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंत की मी निघायच्या आदल्या दिवशी खरंच सगळीकडे फोन लावत बसले. हॉटेलच्या काउंटरला, पंपावरच्या पोराला, एका ठिकाणी वॉचमनला. मशीन चालू आहे का, गन, म्हणजे गाडीत लावायचं तोंड, आपल्या गाडीला बसणारं, सीसीएस टू जातीचं आहे ना, रात्री गेट बंद होतं का. एका ठिकाणी कळलं की मशीन चालू आहे, पण आवाराचं फाटक दहाला बंद होतं. हे कुठल्याच नकाशावर नव्हतं. तीन कंपन्यांची अ‍ॅप घेऊन प्रत्येकात आधीच थोडे पैसे टाकून ठेवले, तेही तुमचंच. रस्त्यात रेंज नसताना ओटीपीची वाट बघणं म्हणजे काय, ते आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका कुटुंबाकडे बघून कळलं. टोलचंही तुम्ही आधी सांगून ठेवलं होतंत: समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती आणि अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना माफी आहे, आपल्या वाटेवर नाही, फास्टॅग भरून ठेव.

जाताना नारायणगावला 47 टक्क्यांवर पोचलो. पत्रिकेवर तुम्ही 45 लिहिलं होतं. आईनं सोबतच्या धपाट्यांचा डबा उघडला, लेकानं आकडा वहीत उतरवला. आई म्हणाली, "काकांना कळव." मी तिथूनच मेसेज केला होता, तुम्ही फक्त अंगठा पाठवलात. तेवढ्यानंही बरं वाटलं.

खरी परीक्षा वाईला झाली, आणि ती मला नीट सांगायची आहे.

मामाच्या वाड्यात संध्याकाळी 21 टक्क्यांवर पोचलो. पंधरा अँपियरचा प्लग होता, पंपासाठी बसवलेला. रात्रभरात तासाला तीन युनिटनं गाडी भरेल आणि सकाळी कोल्हापूर, असं ठरलेलं. मी चार्जर लावला. लाल दिवा लागला. काढला, परत लावला. लालच. आईनं देवघरातून विचारलं, झालं का गं, आणि मी काहीतरी हूं म्हणाले.

तुम्ही निघताना माझ्या हातात टेस्ट लॅम्प दिला होतात, होल्डर, जुना पिवळा बल्ब आणि दोन वायरी. "तू हात लावू नकोस, तिथल्या वायरमनला दे," असं बजावून. मामाच्या गल्लीतले वायरमन आले. तुम्ही फोनवर होतात. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये धरला तर नुसती तार लालसर झाली, काजव्यासारखी. तुम्ही तिकडून बघितलंही नाही आणि म्हणालात, "अर्थिंग गेलंय. चार्जर खरं बोलतोय." गळणारी वीज जमिनीत उतरवणारी ती वाट नसेल तर चार्जर गाडी भरतच नाही.

तेव्हा तिथं उभ्या असलेल्या एका मुलानं सुचवलं की प्लगच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून टाकू, दिवा हिरवा होतो, सगळे तसंच करतात. रात्रीचे आठ वाजलेले, सकाळी निघायचं, मला त्या क्षणी ते पटलंही असतं. तुमचा आवाज मी इतका कडक कधी ऐकला नव्हता. "अजिबात नाही. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीचा सगळा पत्रा जिवंत होईल, त्यात करंट येईल. सकाळी तुझी आई दाराला हात लावेल." मग एकदम शांत होऊन विचारलंत, "मामांना विचार, अर्थिंगचा खड्डा कुठंय?"

मामाला आठवेना. आईला आठवला. परसात, पारिजातकाच्या मागे. ती लहान असताना तिच्या वडिलांनी खणून घेतला होता, तिनं कोळसा आणि मीठ आणून दिलं होतं. पालापाचोळा बाजूला केला तर सिमेंटचं छोटं झाकण निघालं, आत माती भुग्यासारखी कोरडी. तुम्ही म्हणालात, पाणी घाला, घाई नको, मुरू दे. लेकानं आणि मामानं सात बादल्या घातल्या. वायरमननी नटावरचा गंज घासून वायर पुन्हा आवळली. अर्ध्या तासानं टेस्ट लॅम्प परत लावला आणि बल्ब पिवळाधमक पेटला. चार्जर लावला. हिरवा.

आई त्या खड्ड्यापाशी बराच वेळ उभी होती. म्हणाली, "अण्णांनी खणलेला अजून उपयोगी पडला." मला त्यावर बोलता आलं नाही. रात्री साडेदहा वाजता तुम्ही फोन करून प्लग हाताला गरम लागतोय का, ते बघायला सांगितलंत. कोमट होता. तुम्ही म्हणालात, आता झोप.

कोल्हापूर नीट झालं. अंबाबाईची ओटी भरली, आईला गाभाऱ्यासमोर घटकाभर उभं राहता आलं, बाकी काय लिहू. येतानाचा प्रसंग मात्र सांगते. वाईहून निघायच्या आधी फोन केला तर नारायणगावचं मशीन बंद. मला घाम फुटला नाही, कारण चाकणची ओळ पत्रिकेवर होतीच. तिथं आधी एक गाडी लागलेली, चाळीस मिनिटं थांबलो. आमच्यामागे लहान बाळ घेऊन एक जोडपं आलं म्हणून 80 टक्क्यांना गन काढून दिली. हिशोबानं पुरणार होतं, पण शिल्लक थोडी. मग ताशी 70-75, एसी मंद, खिडक्या बंद. संगमनेर सोडल्यावर लेक दर दहा किलोमीटरला आकडा मोठ्यानं वाचत होता. सिन्नरला 23. मोहदरीच्या घाटाच्या तोंडाशी 21, आणि खाली उतरेपर्यंत 22. आईनं टाळी वाजवली. पाठीमुळे जी सहा वर्षं घराबाहेर पडली नाही, ती मागच्या सीटवर बसून विजेच्या एका टक्क्यासाठी टाळी वाजवत होती. घरी आलो तेव्हा 14 होते.

काका, तुम्ही या सगळ्याचे पैसे घेणार नाही, आणि विचारलं तर रागवाल. तीन संध्याकाळी, वणीच्या आकड्यांची ती आकडेमोड, वाईच्या रात्रीचे दोन तास फोनवर. काकू सांगत होत्या, त्या रात्री तुम्ही जेवण गार करून घेतलंत. त्याची मला रुखरुख आहे आणि कृतज्ञताही. मला कुणी धीर दिला असता तर तो पुण्यापर्यंत टिकला असता. तुम्ही मला मोजायला शिकवलंत, आणि ते कोल्हापूरहून परत येईपर्यंत पुरलं. माझ्या नववीतल्या मुलाला युनिट म्हणजे काय ते आता कळतं. त्यानं मामाला खड्ड्याची तारीख भिंतीवर लिहायला लावली आहे, दर उन्हाळ्यात पाणी घालायची. पावसाळ्याआधी मामा तिथं नवीन अर्थिंगही करून घेणार आहे.

वही पूर्ण भरली आहे. तुम्ही मागितली होती तशी प्रत्येक टप्प्याचं अंतर, वेग, टक्के आणि एसी चालू की बंद, सगळं त्यात आहे. खंबाटकीच्या चढाचा आकडा लेकानं दोनदा खोडला आहे, तो नीट लागत नाहीये. तुम्ही बघून सांगा. काकूंसाठी अंबाबाईचं कुंकू आणि खण आहे, मामानं वाईची हळद दिली आहे.

संध्याकाळी पाचला येते. वही आणि टेस्ट लॅम्प घेऊन. बल्ब शाबूत आहे.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची