लेकीला व्हरांड्यात बसवलं: मा. शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

मी साताऱ्यात राहते. माझी लेक पाच वर्षांची आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त, त्यामुळे शिकायला-बोलायला वेळ लागतो. गेल्या शुक्रवारी तिला आणायला बालवाडीत गेले, तर ती व्हरांड्यात सतरंजीच्या तुकड्यावर एकटी बसलेली. शेजारच्या मुलाला तिनं ठोकळा मारला होता, त्याच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. बाई म्हणाल्या, "ताई, उद्यापासून आणू नका. पालक भांडायला येतात." त्या मुलाच्या आईवर माझा राग नाही, तिच्या जागी मीही गेले असते. बाईंवरही नाही. अडतीस मुलं, एक बाई आणि एक मावशी, काय करतील त्या?

राग आहे तो शब्द देऊन विसरणाऱ्यांवर. मागच्या वर्षी दिव्यांग शिबिरात एका साहेबांनी माईकवरून सांगितलं, अशा मुलांसाठी वर्गात मदतनीस देऊ. अर्ज केला, पोच जपून ठेवली आहे. अकरा महिने हेलपाटे घालते. एका कार्यालयात सांगतात, सहा वर्षांखालचं मूल आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे, अंगणवाडीत असती तर बघितलं असतं. तिसरीकडे, शाळेचा विषय आमचा नाही.

शेवटी मीच कायदा वाचायला बसले. 2016 चा दिव्यांग कायदा मोफत शिक्षणाचा हक्क देतो 6 ते 18 वयाला. 2009 चा शिक्षणहक्क कायदा, 6 ते 14. तीन ते सहाच्या मुलांसाठी त्यात लिहिलंय की सरकार व्यवस्था 'करू शकेल'. 'करेल' नाही. आणि 2020 चं शैक्षणिक धोरण म्हणतं, पायाभरणी तिसऱ्या वर्षापासून. त्या एका 'शकेल'पायी माझी लेक दाराबाहेर आहे.

ती मारते म्हणजे काय, ते तरी ऐका. या मुलांना समजतं बरंच, बोलता येतं फार उशिरा. 'थांब', 'माझं आहे' तोंडातून निघत नाही, म्हणून हात जातो. शिवाय यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना ऐकायला कमी येतं. माझ्या लेकीच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय, हे परवा कळलं. दोन वर्षं ती मागच्या ओळीत बसली, आणि वहीवर शेरा, 'ऐकत नाही'.

घरी मी डबा, झोपाळा, अंथरूण यांची चित्रं भिंतीवर लावलीत. आता काय होणार ते आधी दाखवते. हात उगारला की धरते, ओरडत नाही, दोनच शब्द: "हात खाली." मग 'दे'ची खूण करून घेते. हळू हात लावला की लगेच शाबासकी. सगळे आरडाओरडा करत बघायला लागले की तिला तो खेळ वाटतो, पुन्हा मारते. हे शिकायला बाईंना कितीसे दिवस लागतील? पण त्यांना शिकवायला कुणी आलंच नाही.

आठ महिन्यांची असताना तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. दागिने गेले, माझी नोकरी गेली, नातेवाईक लग्नाला बोलावताना 'तिला आणू नकोस' सांगतात. ते सगळं सोसलं. शाळेचं दार मात्र सोसवत नाही.

7 नोव्हेंबर 1900 ला याच साताऱ्यात भीमराव आंबेडकर शाळेत दाखल झाले, म्हणून 2017 पासून तुम्ही त्या तारखेला विद्यार्थी दिवस पाळता. त्यांना वेगळं, गोणपाटावर बसवत. त्या दुःखाशी मी बरोबरी करत नाही, पण त्या सतरंजीकडे बघताना दुसरं काही आठवेना. भाषणं होतात, फोटो निघतात, आणि लेकरू बाहेरच बसतं. कोणतंही सरकार येवो.

तीन ते सहा वयाच्या अशा मुलाची जबाबदारी कोणत्या विभागाची, हे मला लेखी द्या. मदतनीस कोणत्या तारखेला येणार, तेही. तोवर मी स्वतः वर्गात मागे बसते, असं बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, वरून परवानगी लागेल. ती तरी द्या.

आपली,
एक आई, सातारा