लिअरच्या शेवटच्या प्रवेशासाठी, काका, मनापासून थँक्यू

काका,

फोनवर तुम्ही बोलूच देत नाही, "बरं बरं, ठेव आता" म्हणून मोकळे होता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात आपला 'किंग लिअर'मधला प्रवेश झाला आणि कौतुक आमचं झालं, पण त्यातलं निम्म्याच्या वर तुमचं आहे. ते नेमकं काय हे मलाच नीट सांगता येईल, कारण मी त्यात मेलेली कॉर्डेलिया होते, डोळे मिटून पडलेली, आणि सगळं वीतभर अंतरावरून ऐकत होते.

ज्यांनी नाटक वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, म्हातारा राजा लिअर ज्या धाकट्या लेकीला घालवून देतो तिचंच प्रेत हातावर घेऊन शेवटी येतो. शेक्सपिअरनं हे इतकं निष्ठुर लिहिलंय की १६८१ मधे नेहम टेट नावाच्या नाटककारानं शेवट बदलून कॉर्डेलियाला जिवंत ठेवली आणि पुढं दीडशेएक वर्षं इंग्लंडमधे लोक तोच गोड शेवट बघत राहिले.

आपला लिअर करणारा दादा तयारीचा नट, डोळ्यात पाणी आणणं त्याला अवघड नाही. तालमीत तो येतानाच रडत आला आणि आम्ही सगळे भारावून बघत होतो, तर तुम्ही चादरीवरनं उठून म्हणालात, "रडायलास कशाला बे? ती गेलीय हे तू अजून मानलंयस कुठं? श्वास हाय का बघ की." तिथंच प्रवेश फिरला. तोंडानं "गेली" म्हणतो आणि लगेच आरसा मागतो, तिच्या श्वासानं काच धुरकटते का बघायला, मग ओठांपाशी पीस धरतो. म्हणजे त्याला रडायला फुरसतच नाही, तो काम करतोय. प्रेक्षकाला माहितीय की ती गेली, म्हाताऱ्याची आशा सुटत नाही, आणि त्यामुळंच बघणाऱ्याचा जीव तुटतो.

तुम्ही कुठूनतरी कबुतराचं पीस आणलं होतं. मागच्या रांगेला ते दिसणार नाही असं दादा म्हणाला तेव्हा तुम्ही त्याची बोटंच धरलीत, पीस चिमटीत घट्ट धरायचं, श्वास रोखायचा, मग हात आपोआप थरथरतो, त्या थरथरीनं पीस हलतं आणि लिअरला वाटतं लेक श्वास घेतेय. पीस नाही दिसलं तरी हात दिसतो, खांदा दिसतो. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी तर मेलेली! मला तुम्ही पोटातनं बारीक श्वास घ्यायला शिकवलंत, छाती हलू न देता, तोही दादाच्या वाक्यावरच, तो थांबला की मी पण थांबायचं. नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातलं अंगावर उमटतं ते, आम्ही कॉलेजात पाठ केले होते, त्यात अश्रू हा एकच, बाकी स्तंभ, स्वरभंग, वेपथु म्हणजे थरथर वगैरे, पण थरथर म्हणजे काय ते तुमच्या चिमटीत कळलं.

मग तू आता परत येणार नाहीस असं लेकीला म्हणताना लिअरचं ते पाच वेळा "कधीच नाही". १६०८ च्या छापील प्रतीत ते तीनदाच आहे, १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, पाचदा, आणि तुम्ही पाचासाठी हट्ट धरलात. आवाज चढवत न्यायचा नाही, पहिलं स्वतःला कळायला, दुसरं तिला सांगायला, तिसरं घशात अडकलेलं, चौथं नुसता श्वास आणि पाचव्याला फक्त ओठ. मला पाचवं ऐकू यायचं नाही, गालावर जाणवायचं.

पण माझ्या मते सगळ्यात भारी ते बटण. एवढा राजा, आयुष्यभर हुकूम सोडलेला, शेजारच्याला म्हणतो हे बटण जरा काढता का, आणि वर त्याचे आभार मानतो. तुम्ही म्हणालात हे चहा मागितल्यासारखं बोल, अजिबात रंगवू नको. प्रयोगात पहिला हुंदका मला तिथंच ऐकू आला. सुरवातीच्या आक्रोशाला हॉल नुसता शांत होता.

हे तुम्हाला कुठून सुचतं असं मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही मिलमधल्या त्या माणसाचं सांगितलंत, पोरगा गेल्याची तार हातात पडली तरी तो लूमवरचा तुटलेला धागा जोडत राहिला, गाठ बसेपर्यंत. कामगार नाट्यस्पर्धेत इतकी वर्षं कामं केलीत तुम्ही, पण मला वाटतं तुमची खरी तालीम मिलच्या त्या खात्यात झाली. दादाला मी हे सांगितलं तर तो बराच वेळ काही बोललाच नाही.

काका, पुढच्या महिन्यात आम्ही हाच प्रवेश परत बसवतोय आणि या वेळी लिअरच्या शेजारी उभ्या असणाऱ्या केंटचं, त्याच्या त्या इमानी सरदाराचं, काय करायचं ते आम्हाला कळेना झालंय, तो नुसता बघत उभा राहतो. रविवारी संध्याकाळी मी गाडी घेऊन न्यायला येते, आईनं शेंगाचटणी पण करून ठेवलीय, नाही म्हणू नका.

तुमची,
कॉर्डेलिया