लेकीला पत्र : पहिलं पिस्तूल घेण्याआधी

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
कार्तिक महिना

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन केलास तेव्हा मी वावरात होतो. वेचणीच्या बायांचा कापूस काट्यावर लागला होता. "बाबा, परवाना मंजूर झाला, आता कोणतं पिस्तूल घेऊ?" असं तू विचारलंस आणि मी "रात्री बोलू" म्हणून फोन ठेवला. रात्री मला बोलणं जमलं नाही. तुझ्या आईला वाटलं मला राग आला. राग नाही, पोरी. सतरा वर्षं फौजेत होतो, त्यातली सात कोतात, म्हणजे फौजेच्या हत्यारखान्यात, काढली. सकाळी हत्यारं सहीवर द्यायची, संध्याकाळी मोजून परत घ्यायची, पुसून तेल देऊन कुलपात ठेवायची. किती पिस्तुलं हाताखालून गेली त्याचा हिशेब नाही, पण त्यातलं एक माझ्या लेकीच्या हातात जाईल हा विचार कधी मनाला शिवला नव्हता. म्हणून लिहायला बसलो. हा कागद सोबत ठेव आणि दुकानात पुन्हा काढून वाच.

पेट्रोल पंपाची रोकड बँकेत भरायला, म्हणजे भरणा घेऊन, तू बारा किलोमीटर एकटी जातेस. दिवाळीआधी दोन फटफट्या जिनिंगपासून फाट्यापर्यंत तुझ्या गाडीमागे होत्या, हे तू आम्हाला पंधरा दिवसांनी सांगितलंस. परवाना का काढलास ते मला कळतं. तरी भरण्याची वेळ रोज बदल, सोबत पंपावरचा एक माणूस ने, रोख रकमेचा विमा उतरव. हे सगळं पिस्तूल घरात येण्याच्या आधी कर. आणि कोणी आडवा येऊन बॅग मागितली तर बॅग देऊन टाक. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत, ती एकदा वकिलाकडून समजून घे. बळ गरजेपुरतंच वापरायचं असतं आणि धोका टळल्यावर झाडलेली गोळी त्यात बसत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो.

माझा हात ज्या पिस्तुलावर बसला ते ९ एमएमचं होतं, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ब्राऊनिंगच्या नमुन्यावर बनवलेलं, तेरा गोळ्यांच्या मॅगझीनचं, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीचं. तसं तुला मिळणार नाही. ९ एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या मापात, येतं आणि तुझ्या परवान्यावर नॉन-प्रोहिबिटेड लिहिलेलं आहे. म्हणजे स्वसंरक्षणासाठी तुझ्यापुढे मुख्यतः बत्तीस बोअर उरतो. कोणी काही कुजबुजलं, "ताई, नव्वद हजारांचं काम वीस हजारात करून देतो" असं म्हणालं, तर त्या माणसाला पंपावर उभंसुद्धा करू नको. कट्टा, म्हणजे बेकायदा गावठी पिस्तूल, हाताशी असणं हाच तुरुंगाचा गुन्हा आहे, आणि त्याची नळी कोणाच्या हातात फुटेल हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

बत्तीस म्हटलं की दुकानात दोन वेगळी काडतुसं असतात, इथे घोळ करू नको. पिस्तुलाचं काडतूस ७.६५ एमएमचं, त्याला .३२ एसीपी म्हणतात, त्याची पितळी केस १७ मिलिमीटरची. रिव्हॉल्वरचं .३२ लाँग त्याहून लांब असतं. एकाचं दुसऱ्यात चालवायचं नाही. खोक्यावरचा आकडा स्वतः वाच, नोकराने हातात दिलं म्हणून घेऊ नको.

रिव्हॉल्वर घेऊ का, असंही तू आईला विचारलंस म्हणे. मी खरं सांगतो, नवख्या हातात रिव्हॉल्वर देताना मला धाकधूक कमी वाटते. चक्र बाहेर काढलं की गोळ्या आहेत की नाहीत ते समोर दिसतं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं समोर येतं. पिस्तूल पातळ असतं, कमरेला किंवा पर्सच्या कप्प्यात दिसत नाही, मॅगझीन पटकन बदलतं, नेम धरायला मला ते नेहमी सोपं गेलं. पण त्याचा एक धोका आहे आणि तो तुला मी अगदी उलगडून सांगणार आहे, कारण मी तो डोळ्यांनी पाहिला.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा चाप ओढला की एक गोळी जाते आणि त्याच झटक्याने स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाऊन रिकामी केस बाहेर फेकते, येताना मॅगझीनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, ढकलते. म्हणजे मॅगझीन काढलं तरी चेंबरमध्ये एक गोळी बसलेली असू शकते. एका संध्याकाळी ड्यूटीवरून परतलेला एक जवान हत्यार जमा करायला आला. थकलेला होता. त्याने आधी स्लाइड ओढली, मग मॅगझीन काढलं. क्रम उलटा झाला. स्लाइड ओढताना जुनी गोळी बाहेर पडली आणि नवी आत गेली, त्याने फक्त बाहेर पडलेली पाहिली. वाळूच्या पेटीत नळी धरून चाप ओढला आणि आवाज झाला. वाळू होती म्हणून वाळूवर भागलं. त्या पोराचा चेहरा पांढरा पडला होता, पाणी पितानाही हात थरथरत होता. मी त्याला काही बोललो नाही. त्या दिवसापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येकाकडून मी तोंडाने म्हणवून घेत असे: आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये डोळा, मग चेंबरमध्ये करंगळी. अंधारात डोळा फसतो, बोट फसत नाही. तूही मोठ्याने म्हण. दुकानात दुकानदाराने "रिकामं आहे मॅडम" म्हणून हातात दिलं तरी हे चारही कर.

आता कोणतं घ्यायचं. तुझ्यापुढे मुख्यतः दोन रस्ते आहेत.

एक, सरकारी कारखान्याचं नवं 'अशनी'. अशनी म्हणजे वीज. बंगालमधल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बनतं. आपल्या विदर्भात अंबाझरी, भंडारा, चांदा इथे ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, पण पिस्तूल तिथे होत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून ऑर्डनन्स बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, त्यातली कानपूरची एडब्ल्यूईआयएल (ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड) आता छोटी हत्यारं बघते. दुसरा रस्ता म्हणजे कोणाच्या तरी आजोबांचं जुनं परदेशी पिस्तूल: वाल्थर, कोल्ट, वेब्ली, बेरेटा. १९८० च्या दशकात सामान्य परवानाधारकासाठी परदेशी हत्यारांची आयात थांबली. तेव्हापासून देशात जी होती तीच हातोहात फिरतात आणि त्यांचे भाव बघून माणूस दिपून जातो.

माझं मत नव्याकडे आहे. वाल्थर पीपीके माझ्याही हातात एकदा आलं होतं. १९३० च्या सुमाराचा नमुना, पण बोटांनी फिरवताना वाटतं कोणा सोनाराने घडवलंय. तरी मी ते तुला घेऊ देणार नाही. त्याची स्प्रिंग किती दमलेली आहे हे वरून दिसत नाही. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई, तुटली तर यवतमाळला काय, नागपुरातही तशीच दुसरी मिळेल याचा भरवसा नाही. आणि मुख्य म्हणजे मॅगझीन. पिस्तूल अडकतं ते बहुतेक वेळा मॅगझीनच्या ओठांमुळे. ते पत्रे जरा वाकले की गोळी तिरकी चढते. जुन्या परदेशी पिस्तुलाला जास्तीचं मॅगझीन मिळालं नाही तर ते कपाटात ठेवायची वस्तू होते. शिवाय दुसऱ्या परवानाधारकाकडून घेताना त्याने जिल्हाधिकारी किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. मधला कोणी "आज पैसे द्या, कागद मागून करू" म्हणाला तर उठून ये.

नव्यातही सगळे नग सारखे नसतात. तीन-चार काढायला लाव आणि प्रत्येक हातात धर. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. बत्तीसच्या पिस्तुलात नळी बंद ठेवायला वेगळी कडी नसते. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावर ती मिटलेली राहते, म्हणून ती स्प्रिंग कडक असते. तुझे हात आईसारखे लहान आहेत. स्लाइड नुसत्या बोटांनी ओढायला जाशील तर ओढली जाणार नाही आणि तुला वाटेल आपल्यात जोर नाही. पिस्तूल छातीजवळ आण, डाव्या हाताची पूर्ण मूठ स्लाइडवर वरून टाक, डावा हात जागेवर ठेव आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकल. विहिरीचा दोर ओढताना आपण जसं सगळं अंग लावतो तसं. ज्या नगाची स्लाइड तुला दहा वेळा अशी ओढता येईल तोच घे. हात दमल्यावरही ती ओढता आली पाहिजे.

मग चेंबरपासून नळीत टॉर्च टाकून बघ. नळीच्या आतले पीळदार खाचे स्वच्छ, त्यांचे काठ न झिजलेले, कुठे काळा खड्डा नको. सेफ्टी लावून चाप दाबायला सांग, घोडा (मागचा हातोडा) हलता कामा नये. सेफ्टी काढल्यावर लगेच घोडा पडत असेल तर तो नग परत ठेव. सोबत दोन मॅगझीन मिळतात का विचार, मिळत नसतील तर दुसरं विकत घे, पण घे. दोन्ही मॅगझीन घालून-काढून बघ, खटका दाबल्यावर आपसूक खाली सरकलं पाहिजे.

बत्तीसची एक खोड सांगून ठेवतो. या काडतुसाच्या बुडाला बारीकशी कड असते. मॅगझीन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे अडकली की पुढची गोळी वर सरकत नाही, आणि स्लाइड कितीही ओढ, सुटत नाही. म्हणून भरताना प्रत्येक गोळी मागच्या भिंतीला टेकवत, वरची कड खालच्या कडेच्या पुढे ठेवत भर. घाईने भरलेलं मॅगझीन नको.

पैशाचा हिशेब असा कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्वरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. दुकानदार जो आकडा सांगतो तो कर धरून की कर सोडून, हे पहिल्या वाक्यात विचार. लाखाच्या वस्तूवर चाळीस हजार चढले तर तू बाजूला ठेवलेले दीड लाख जवळजवळ तिथेच संपतात आणि मग गोळ्यांना, कपाटाला, सरावाला काही उरत नाही. मला ते उरायला हवे आहेत. भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट, चाप पूर्ण झाकणारं चामड्याचं होल्स्टर, काही डमी (बिनदारूच्या, सरावाच्या) गोळ्या, आणि रेंजवर जाऊन झाडायची काडतुसं. परवान्यावर एका वेळी किती गोळ्या बाळगायच्या आणि वर्षाला किती घ्यायच्या हे लिहिलेलं असतं, त्यातल्या बऱ्याचशा तू रेंजवर संपव. त्या पिस्तुलातून स्वतः गोळ्या झाडून ते अडखळत नाही हे पाहिल्याशिवाय ते भरण्याला सोबत नेऊ नको. अर्जासोबत तू प्रशिक्षणाचा एस-१ दाखला जोडलास, पण त्या शिकण्यावर वर्षभर चालत नाही. घरी डमी गोळ्यांवर रोज दहा मिनिटं. तेव्हा खऱ्या गोळ्या त्या खोलीतही नकोत.

घरी लहानगा आहे. तो आता सहा वर्षांचा, खुर्चीवर खुर्ची ठेवून गुळाचा डबा काढतो. पिस्तूल एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात, किल्ली तुझ्या अंगावर. उशीखाली नाही, गाडीच्या कप्प्यात नाही, गल्ल्यात तर नाहीच. सोबत नेशील तेव्हा चेंबर रिकामं ठेव. दोन सेकंद जास्त लागतात, मला मान्य आहे, आणि तरीही मी हेच सांगेन.

तुझ्या दिराला आत्ताच बजावून ठेव की लग्नात-मिरवणुकीत ते कोणी हातात घेणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने हौसेपोटी गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जावईबापूंनाही सांग, परवाना तुझ्या नावाचा आहे, त्यांनी ते कमरेला लावायचं नाही. रानडुकरं आणि रोही वावरात शिरतात म्हणून कोणी मागेल, त्यालाही नाही म्हण. बत्तीसच्या गोळीने डुक्कर पडत नाही, जखमी होऊन उलटं अंगावर येतं, आणि जंगल खात्याचा गुन्हा वेगळा. निवडणूक लागली आणि जमा करायची नोटीस आली तर त्याच दिवशी ठाण्यात जमा कर, पावती घे, पावतीवरचा नंबर पिस्तुलावरच्या नंबरशी जुळवून बघ.

विकत घेतल्यावर दुकानदार परवान्यावर नोंद करील. ती अक्षर अन् अक्षर तपास आणि नंतर हत्यार कार्यालयात दाखवून त्यांची नोंद करून घे.

तू एकटी जाऊ नको. येत्या बुधवारी मला कापूस जिनिंगवर न्यायचा आहे, गुरुवारी मोकळा आहे. सकाळच्या एसटीने निघतो, नागपूरला दुपारपर्यंत पोचतो, तू परवान्याची मूळ प्रत, आधार आणि दोन फोटो घेऊन ये. बयाणा तोवर कोणाला देऊ नको. आईने ज्वारीच्या पापड्या आणि अंबाडीची सुकवलेली भाजी बांधून ठेवली आहे, ती आणतो. माझी ती छोटी फौजी टॉर्चही आणतो. नळीत बघायला दुकानातल्या दिव्याचा उजेड पुरत नाही.

तुझे
बाबा