मनिलातल्या दोन रात्री लगुनाला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत फिलिपिन्सवर पानभर मजकूर आला होता. भारतीय पर्यटकांना आता चौदा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं, दिल्लीहून मनिलाला थेट विमान सुरू झालं आहे, ही माहिती फार उपयोगाची होती. खाली चौकटीत सहलींचे तीन कार्यक्रम दिले होते. तिन्हींमध्ये मनिलात तीन रात्री, मॉल, रोषणाई आणि पुढे बोराकाय नाहीतर सेबूचा समुद्र. आम्ही उभयता याच फेब्रुवारीत तिथे अकरा दिवस राहून आलो. मी एकोणसत्तर वर्षांचा, पत्नी पासष्टची. तिचे दोन्ही गुडघे गेली सहा वर्षं दुखतात. आमच्या वयाची बरीच मंडळी ते पान वाचून पैसे भरतील, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

आमचा धाकटा मुलगा दोन वर्षांपासून मनिलाला लागूनच असलेल्या मकातीत नोकरीला आहे. त्याची जागा एका खोलीची, म्हणून पहिल्या तीन रात्री त्याने आम्हाला जवळच्याच एका हॉटेलात ठेवलं. हॉटेल वाईट नव्हतं. गाद्या उत्तम, माणसं आदबशीर. पण खिडकीखाली एड्सा हा तिथला मुख्य रस्ता, आणि तो रात्री दोनलाही झोपत नाही. न्हाणीघरात उंच काठाचा टब. अंघोळ करायची तर पाय गुडघ्याच्याही वर उचलून आत टाकायचा. दुसऱ्याच सकाळी सौ.चा पाय घसरला. हाड शाबूत राहिलं, ही पांडुरंगाची कृपा. कोपर मात्र काळंनिळं झालं. तिथल्या मुलींनी धावत येऊन बर्फ आणला, चौकशी केली, त्यांना मी दोष देत नाही. पण टब तोच राहिला आणि पुढचे दोन दिवस ती भिजवलेल्या टॉवेलने अंग पुसून घेत होती. इतक्या लांब येऊन आपण हिचे हाल करतोय, हे मला सहन होईना.

मुलाच्या कचेरीतला एक सहकारी लगुना प्रांतातल्या कालांबा गावचा. त्याने ऐकलं आणि म्हणाला, आईवडिलांना शहरात कशाला ठेवलंस, आमच्याकडे गरम पाण्याला घेऊन जा. सोमवारी पहाटे पाचला निघालो. दक्षिणेकडच्या द्रुतगती मार्गाने साठ-पासष्ट किलोमीटर, दीड तासात पोहोचलो. हेच अंतर शुक्रवारी संध्याकाळी कापायला तीन तास लागतात, तेव्हा पहाटे निघणं महत्त्वाचं.

गावाचं नाव लोस बान्योस, प्रांत लगुना. स्पॅनिश नावाचा अर्थ स्नानाच्या जागा. स्पॅनिश येण्याआधी लोक या जागेला 'माइनित' म्हणत, म्हणजे गरम. मी रोह्याचा. आमच्या पालीजवळ उन्हेरे आहे, दापोलीकडे उन्हवरे आहे. दोन्ही नावांत ऊनच. जमिनीतून कढत पाणी वर येताना पाहिलं की माणूस कुठलाही असो, गावाला नाव तेच ठेवतो, हे तिथे उभं राहून मनात आलं आणि परकेपण निम्मं गेलं.

गावाच्या पाठीशी माकिलिंग नावाचा डोंगर आहे. हजार मीटरहून थोडा उंच, दाट झाडीचा, मुळात निद्रिस्त ज्वालामुखी. त्याच्या पोटातल्या उष्णतेवर १९७९ पासून तिथे वीज तयार होते आणि तीच उष्णता पायथ्याच्या झऱ्यांना मिळते. या डोंगराची रक्षणकर्ती मारिया माकिलिंग, तिला ते 'दिवाता' म्हणतात. हा आपलाच 'देवता' शब्द. गुरूला गुरो, मुखाला मुखा, आशेला आसा. त्यांच्या हवामान खात्याच्या नावाची आद्याक्षरं जोडली की 'पागासा' असा शब्द बनतो, आणि त्या शब्दाचा अर्थही आशा!

आमचं हॉटेल दुमजली, वीसेक खोल्यांचं, एका कुटुंबाने चालवलेलं. नाश्त्यासह दिवसाचे आपले चार हजार रुपये, आठवड्याच्या मधल्या दिवसांत. थाट काही नव्हता. पण ज्याने ते बांधलं त्याच्या घरात नक्कीच कोणीतरी म्हातारं माणूस असणार. तीन कुंडं होती: कोमट, ऊन आणि कढत. प्रत्येकात उतरायला पायऱ्या, आणि पायरीची उंची जेमतेम पाच इंच. प्रत्येक पायरीच्या कडेला चार बोटं रुंद पिवळा पट्टा, म्हणजे पाण्याखालीही पायरी कुठे संपते ते दिसावं. दोन्ही बाजूंना लोखंडी नळीचा कठडा आणि त्यावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेली. मी हात लावून पाहिलं. नुसतं लोखंड वाफेने तापतं आणि ओल्या हातातून निसटतं. दोरीमुळे मूठ पकड घेते. दोरी कुठे कुठे नवी दिसत होती, म्हणजे झिजली की बदलत असणार. एवढं साधं काम, पण त्या दोरीला धरून माझी बायको पहिल्याच दिवशी कोणाचा हात न घेता पाण्यात उतरली.

भिंतीवर पाटी होती. पंधरा मिनिटांहून जास्त बसू नका, बाहेर येऊन पाणी प्या, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कढत कुंडात उतरू नका. आणि ही पाटी नुसती लावून ठेवलेली नव्हती. साठीच्या आसपासच्या एक बाई मनगटावरचं घड्याळ बघत काठावर बसून असायच्या. पंधरा मिनिटं झाली की त्या उठून सौ.जवळ यायच्या, हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "दाहान-दाहान पो." दाहान-दाहान म्हणजे सावकाश, हळूहळू. 'पो' हा वडीलधाऱ्यांशी बोलताना लावायचा आदराचा शब्द. सौ. उत्तर द्यायची, "हो गं बाई, हळूच येते." एकीला मराठी येत नाही, दुसरीला तागालोग येत नाही, आणि चार दिवस दोघींचं बोलणं अखंड चालू. निघायच्या दिवशी बाईंच्या नातवाने सौ.चा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावला. मोठ्यांना नमस्कार करायची ही त्यांची पद्धत. तिचे डोळे भरून आले.

न्हाणीघरात टब नव्हता. खाली खडबडीत फरशी, भिंतीला कठडा, बसायला प्लास्टिकचं स्टूल, एक बादली आणि दांडीचं टमरेल. टमरेलाला तिथे 'ताबो' म्हणतात, बादलीला 'तिंबा', आणि या वस्तू घराघरांत असतात. परदेशात पाण्यावाचून ज्याची अडचण झाली आहे, त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता: भूकंप झाला तर काय करायचं, राख पडायला लागली तर काय करायचं. ताल ज्वालामुखी तिथून फार दूर नाही आणि १२ जानेवारी २०२० चा त्याचा उद्रेक लोकांच्या चांगला लक्षात आहे. कपाटात दोन मास्क नीट घडी करून ठेवलेले. वाचून आधी धसका बसला, पण त्यामुळेच रात्री निश्चिंत झोप लागली.

जेवणाचं थोडं सविस्तर लिहितो, कारण घरातली माणसं पहिला प्रश्न तोच विचारतात. सौ. माळकरी आहे. मनिलात 'भाजी' म्हणून मागवलेल्या पदार्थातही बहुधा मासळीचा अर्क असतो, त्याला पातिस म्हणतात, किंवा बागूंग नावाची कोळंबीची खारवलेली चटणी. भाजीच आहे ना, एवढं विचारून भागत नाही. मुलाने एका कागदावर तागालोगमध्ये लिहून दिलं: मांस नको, मासे नकोत, पातिस नको, बागूंग नको. लोस बान्योसच्या हॉटेलातल्या स्वयंपाकीणबाईंनी कागद दोनदा वाचला आणि आमच्यासमोर कढई नव्याने घासली. मग लसणावर परतलेली कांगकोंग आली. ही आपली नाळीची भाजी. मुगाच्या आमटीत पाला दिसला, तो शेवग्याचा. तिथे शेवग्याला मालुंगाय म्हणतात आणि कुंपणाकुंपणाला लावतात. मधे एकादशी आली. उपवास म्हणजे काय हे समजावताना मुलाची तारांबळ उडाली, पण बाईंनी उकडलेली रताळी आणि साबा जातीची उकडलेली केळी पुढे ठेवली, तेव्हा सौ. म्हणाली, "माउलीने व्यवस्था केली."

आता माझ्या मनातली गोष्ट. मी बत्तीस वर्षं कृषी सहाय्यक होतो, सगळी नोकरी भातपट्ट्यात. त्या हॉटेलपासून दहा मिनिटांवर आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. १९६० साली ती तिथे उभी राहिली आणि १९६६ मध्ये तिने आयआर-८ हे बुटकं, भरघोस उत्पन्नाचं वाण दिलं. आमच्या तालुक्यात मी ज्या 'रत्ना'चं बियाणं घरोघर पोहोचवलं, ती रत्ना टीकेएम-६ आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेली. म्हणजे ज्या रोपाच्या लेकीला मी उभं आयुष्य बांधाबांधावर घेऊन फिरलो, तिच्या माहेरी मी उभा होतो. आमचे डॉ. एम. एस. स्वामीनाथन १९८२ ते १९८८ या संस्थेचे महासंचालक होते. आधी पत्र पाठवून परवानगी घेतली होती, त्यामुळे भाताचं संग्रहालय पाहता आलं. जगभरातल्या एक लाख तीस हजारांवर भातवाणांचं बी तिथे थंड कोठारात जपून ठेवलं आहे. बाहेर आल्यावर एका खाचराच्या बांधावर बसलो, मूठभर चिखल हातात घेतला. वास आपल्याच खाचराचा. माझ्यासारख्या माणसाला दुसरा कुठला समुद्रकिनारा दाखवायची गरज नाही.

मनिला पाहूच नये असं माझं म्हणणं नाही. परतीच्या आदल्या दिवशी आम्ही तिथलं राष्ट्रीय संग्रहालय पाहिलं. प्रवेश विनामूल्य आहे. तिथे लगुना प्रांतातच सापडलेला एक ताम्रपट आहे, वहीच्या पानाएवढा. त्याची सुरुवात 'स्वस्ति' या शब्दाने होते आणि पुढे मिती आहे ती शके ८२२, वैशाख, कृष्ण पक्ष चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. आपल्या भिंतीवरच्या पंचांगातला शक! मजकूर कर्जमुक्तीचा आहे, नामवरन नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज माफ झाल्याची ही पावती. कर्जमाफीचे कागद हाताळण्यात माझी नोकरीची शेवटची वर्षं गेली. मी त्या काचेसमोरून बराच वेळ हललो नाही. कालांबात फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिसाल यांचा १८६१ साली जन्म झाला, ते घर पुन्हा बांधून जपलं आहे. तेही जाता-येता पाहून होतं.

सहल कंपन्यांना माझी विनंती आहे की ज्येष्ठांच्या सहलीत मनिलाच्या तीन रात्रींतल्या दोन कमी करून त्या लगुनाला द्याव्यात. शनिवार-रविवार टाळावेत, कारण तेव्हा सारी मनिला या झऱ्यांवर लोटते आणि रात्री उशिरापर्यंत कॅराओकेचं गाणं चालतं. जून ते ऑक्टोबर वादळपावसाचे महिने, तेही टाळावेत. आणि खोल्या राखून ठेवताना किती तारे आहेत हे विचारण्याआधी टब आहे की फरशी, पायरी किती उंच, धरायला कठडा आहे का, एवढं विचारावं. गिऱ्हाइकांनीही पैसे भरण्यापूर्वी हे विचारून उत्तर लेखी घ्यावं. आम्ही विचारलं नव्हतं, त्याची किंमत सौ.च्या कोपराने मोजली.

तिचे गुडघे बरे झाले असं मी म्हणणार नाही, दुखणं आहे तसंच आहे. पण चौथ्या दिवशी ती जिना उतरून माझ्या आधी नाश्त्याला जाऊन बसली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आपल्या कोकणातही अशी ऊन पाण्याची कुंडं ठिकठिकाणी आहेत. तिथे म्हातारी माणसं श्रद्धेने येतात आणि ओल्या शेवाळी पायरीवर एकमेकांचा खांदा धरून उतरतात. काथ्या तर आपल्याच नारळाचा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाने टेप धरली आणि मी वहीत मापं उतरवून घेतली: कठड्याची उंची, पायरीची उंची नि रुंदी, नळीची जाडी, हातभर नळीला किती दोरी लागते ते, आणि पाटीवरचा मजकूर मराठी करून. कुंड ज्यांच्या हद्दीत आहे अशा कुठल्याही ग्रामपंचायतीला किंवा देवस्थानाला ती हवी असतील तर माझा पत्ता आपल्या कचेरीत दिला आहे. नकाशा हाताने काढून पाठवीन.

आपला,
एक निवृत्त कृषी सहाय्यक
रोहा, जि. रायगड