कुरसुरावरच्या काकांना बाबांकडून आणि माझ्याकडून खूप खूप थँक्यू

नमस्कार काका,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, ते अजून मनाला लागून राहिलंय. तुम्ही वायझॅगला आरके बीचवरच्या आयएनएस कुरसुरा पाणबुडीत गाईड आहात, नेव्हीतून रिटायर झालेले, आणि नोकरीत काही वर्षं कुलाब्याला होतात म्हणून मोडकंतोडकं मराठी बोलता. म्हणून हे मराठीतच लिहितेय, कुणी ओळखीचं वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल.

दिवाळीच्या सुट्टीतला रविवार होता आणि गर्दी म्हणजे मुंगीला शिरायला जागा नाही. सोबत माझे बाबा, वय 71, पांढरा सदरा, खिशाला पेन. 34 वर्षं एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते, आयुष्यभर लेलँडची इंजिनं खोलली आणि बसवली. आता कानाने फारच कमी ऐकू येतं, त्यामुळे चारचौघांत ते बोलायचंच बंद झालेत, कुणी काही म्हटलं की नुसतं हो हो करतात आणि दुसरीकडे बघतात. पुढच्या टॉर्पेडो (पाण्याखालून शत्रूच्या जहाजावर सोडायचं अस्त्र) रूममध्ये तुम्ही सगळ्यांना सांगत होतात की पुढे सहा ट्यूब, मागे चार, एकूण 22 टॉर्पेडो, आणि 75 माणसं याच नळकांड्यात महिना महिना राहायची, तेव्हा बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्या गोंगाटात मी तरी किती ओरडून सांगणार.

मग इंजिनाच्या कंपार्टमेंटमध्ये ते थांबले ते थांबलेच. मागून लोक ढकलायला लागले, एक जण तर चिडलाच, मीसुद्धा बाबा चला ना म्हणून हात ओढला (त्याचं आता वाईट वाटतं). तेवढ्यात तुम्ही आलात, त्यांचा हात इंजिनावर कसा फिरतोय ते पाहिलंत आणि विचारलंत, "मेकॅनिक?" मी हो म्हटलं. तुम्ही त्यांना बाजूला घेतलंत, लोकांना पुढे जाऊ दिलंत आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणालात, "बाबा, हमारे भी कान इधरच गये."

पुढची वीस मिनिटं मी कधीच विसरणार नाही. तुम्ही सांगितलंत की अशी तीन डिझेल, प्रत्येकी 2000 हॉर्सपॉवर, चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकूच यायचं नाही, सगळं हाताच्या खुणांवर. आणि मग तुम्ही खुणांनीच बोलायला लागलात! डिझेलला हवा लागते म्हणून पाण्याखाली खोल गेलं की इंजिन बंद, बॅटरीवर मोटर चालवायची, आणि बॅटरी चार्ज करायला वर येऊन स्नॉर्कलची नळी पाण्याबाहेर काढायची. लाट आली की नळीचा व्हॉल्व बंद होतो आणि इंजिन आतलीच हवा ओढतं, कानात दडे बसतात, हे तुम्ही तोंडावर तळहात दाबून आणि कान धरून करून दाखवलंत आणि बाबा खळखळून हसले. त्यांनी मग बोटांनी इंजेक्टर दाखवला, तुम्ही मान हलवलीत, मला त्यातलं अर्धं कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती.

पाणबुडीची माहिती तर बोर्डावरही वाचता येते, 18 डिसेंबर 1969 ला सोव्हिएत युनियनमधल्या रिगाला नेव्हीत आली, 71 च्या युद्धात होती, 27 फेब्रुवारी 2001 ला रिटायर झाली आणि 2002 पासून म्युझियम. पण बोर्ड कुणाचा हात धरून थांबवत नाही ना काका. तुम्ही माझ्या बाबांना बहिरा म्हातारा म्हणून नाही, आपल्याच कामातला माणूस म्हणून वागवलंत, हे मला किती मोठं वाटलं ते लिहून नीट सांगता येत नाहीये.

बाहेर आल्यावर बाबा बीचवर बसून म्हणाले, आपली जुनी विमानवाहू युद्धनौका विक्रांत अशी ठेवता आली असती तर. मुंबईत म्युझियम होती तेव्हा आज जाऊ उद्या जाऊ करत आमचं जाणं राहूनच गेलं आणि 2014 ला ती दारूखान्यात, मुंबईतल्या जहाजं तोडायच्या जागी, तोडायला गेली, ती बातमी त्यांनी कापून ठेवलेली आहे. म्हणून म्हणते, कुरसुरा तुमच्यासारख्यांच्या हातात आहे ते फार बरं आहे.

घरी आल्यापासून कॅलेंडरच्या मागे स्नॉर्कलचं चित्र काढून येईल त्याला समजावतात, स्वतःहून, मोठ्याने. शेजारच्या मुलाने तर दोनदा ऐकलंय. आणि तुमच्यासाठी त्यांचा एक प्रश्न आहे, रोज मला आठवण करतात की लिहिलंस का, लिहिलंस का. तर विचारते: एवढ्याशा गोल हॅचमधून (झाकणाच्या दारातून) इंजिनाचे मोठे पार्ट ओव्हरहॉलला बाहेर कसे काढायचात?

उन्हाळ्यात परत येतोय. तेव्हा त्यांनाच सांगा, खुणांनी.

तुमची,
मेकॅनिक बाबांची मुलगी